न घेतलेल्या कर्जाची वसुली

तासगाव तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका द्राक्ष बागायतदाराला फळछाटणीच्या ऐन धांदलीत एक दूरध्वनी आला. एका बँकेच्या क्रेडिट कार्डाचे ३८ हजार रुपये आपल्याकडे थकले आहेत, तीन दिवसांत न भरल्यास घरी माणसे येतील, असे पलीकडचा गृहस्थ बजावीत होता. आमच्या या मित्राने आयुष्यात क्रेडिट कार्ड हातात धरलेले नाही. दीड एकराची बाग, सोसायटीचे पीककर्ज आणि औषध दुकानदाराची उधारी, एवढाच त्याचा अर्थव्यवहार. त्याने तसे सांगितले. उत्तर आले, "सगळे असेच म्हणतात." चौथ्या दिवशी मोटारसायकलवरून दोघे आले आणि त्यांनी दारात उभे राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात, रकमेचा उच्चार केला. मागाहून कळले ते एवढेच की, नाव आणि आडनाव जुळत होते. वडिलांचे नाव जुळत नव्हते, जन्मतारीख तर नव्हतीच. ज्या तालुक्यात एका हाकेला चार पाटील ओ देतात, तेथे एवढ्या पुराव्यावर एका माणसाची अब्रू उंबऱ्यावर मांडली गेली.

ही कारकुनाची चूक आहे, तिचे एवढे अवडंबर कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, ही चूक नाही, हा धंद्याचा हिशेब आहे. बँक थकबाकीची यादी वसुली कंपनीकडे सोपविते. कंपनी ती पोटकंत्राटदाराकडे देते. आणि शेवटच्या टोकाला मोटारसायकलवरील पोराला जमा झालेल्या रकमेवर टक्केवारी मिळते. योग्य माणूस शोधण्यासाठी त्याला छदामही मिळत नाही. चुकीच्या माणसाने घाबरून पैसे भरले, तरी त्याची टक्केवारी तीच! मग त्याने नाव, पत्ता, जन्मतारीख पडताळून का पाहावी? तो पोरगाही बहुधा कुणा कोरडवाहू शेतकऱ्याचाच मुलगा असतो. आमचा रोष त्याच्यावर नाही, त्याला कंत्राटावर जुंपणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

याहून अधिक चीड आली ती गावातल्या शहाण्यांची. "नऊ हजारांत तडजोड करतो म्हणतात ना? मग मिटवून टाका," असा सल्ला आमच्या मित्राला तीन ठिकाणी मिळाला. सप्टेंबर १९४२ मध्ये ज्या गावाच्या कचेरीवर मोर्चा नेऊन तिरंगा फडकविला गेला, त्या गावाने फोनच्या घंटीला एवढे भ्यावे? आणि मिटविले तर काय मिटते? पैसे भरणे म्हणजे कर्ज आपलेच असल्याची कबुली. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा येण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे असते. मुदतीच्या आत थोडा भरणा केला वा लेखी कबुली दिली की ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. शिवाय तडजोडीने बंद झालेल्या खात्याचा शेरा पतअहवालात राहतो आणि पुढे कर्ज मागावयास गेलेल्या माणसासमोर तोच फेकला जातो. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांना २०२५ साली बँकांना बजावावे लागले, यावरून हा शेरा बागायतदाराला कोठे गाठतो ते दिसतेच.

या जिल्ह्याला एक आठवण द्यावीशी वाटते. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्या उठावाच्या धास्तीने परकीय सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि तासगाव तेव्हा साताऱ्यात होते. त्या कायद्याने न्यायाधीशाला केवळ खतावरील आकड्यावर विसंबता येईना; व्यवहार मुळापासून तपासणे त्याला भाग पडले. सावकाराने पैसे घेतले की पावती द्यावी, मागितल्यास हिशेब लिहून द्यावा, हेही त्यात आले. ऋणको अडाणी असेल, पण कर्ज सिद्ध करण्याचा भार धनकोवर, हे तत्त्व आमच्या आजोबा-पणजोबांनी खते जाळून मिळविले. आज वातानुकूलित सावकार तेच तत्त्व उलटे करून म्हणतो, कर्ज घेतले नाही हे तुम्ही सिद्ध करा!

नियम नाहीत असे नव्हे. बँकांनी वसुलीसाठी गुंड वापरू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश कौर खटल्यात २००७ सालीच सांगितले. सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर फोन नको, चारचौघांत अपमान नको, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये फर्माविले. त्याच वर्षीच्या कार्डविषयक निर्देशांत, बिलाबद्दल तक्रार आल्यास तीस दिवसांत कागदोपत्री पुराव्यासह खुलासा देण्याचे बंधन बँकेवर घातले गेले. पतअहवालातील चूक तीस दिवसांत न सुधारल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई, हे २०२३ चे. पण हे सारे कोणाच्या कानी पडले? फर्मान सुटल्यानंतर महिनाभरातच हजारीबागला ट्रॅक्टरच्या वसुलीत एक गर्भवती तरुणी चिरडली गेली. तेव्हा कोठे त्या वित्तसंस्थेला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली करण्यास मनाई झाली, आणि २०२३ च्या जानेवारीत ती मनाई उठलीही.

आमच्यातील काही साथी म्हणतात, कार्डाचा प्रश्न पांढरपेशांचा, आपण उसाच्या दराचे आणि हमालांच्या मजुरीचे पाहू. आमचा बागायतदार मित्र पांढरपेशा कधी झाला? ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्याही दारात हा तगादा येतो, हेच तर या प्रकरणाचे सार आहे. तालुक्याच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ बसून असे अर्ज लिहून देणारा कार्यकर्ता हवा. आणि मागणी हवी ती स्पष्ट: मूळ अर्ज, सही आणि हिशेब यांची प्रत हाती असल्याखेरीज एजंटाने कोणाच्या दारी जाऊ नये, आणि चुकीच्या माणसाकडे गेल्यास मागितलेल्या रकमेइतका दंड बँकेने त्याच माणसाला द्यावा. दंड सरकारी तिजोरीत गेला तर उंबऱ्यावर गेलेल्या अब्रूचे काय?

मित्राने अखेर नऊ हजार भरले नाहीत. फोनवर एक अक्षरही कबूल न करता त्याने बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला नोंदणीकृत टपालाने पत्र धाडले: कर्जाचा अर्ज, सही आणि ओळखपत्राची प्रत पाठवा, तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. पोचपावती त्याने जपून ठेवली, फोनच्या तारखा आणि वेळा वहीत टिपल्या. दोन आठवड्यांत फोन थांबले. दिलगिरीचे पत्र आले नाही. यादीतून त्याचे नाव काढले, की ती यादी दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेली, हे बँकेने अद्याप कळविलेले नाही.