आवाज वाढला, पिकअपचं काय?

दोस्तांनो, पप्पांची जुनी स्विफ्ट हातात आली, साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढताना ती दमली, की लगेच ठरतं: हेडर बसवूया! सांगलीत विश्रामबागेच्या कट्ट्यावरही हीच चर्चा.

थांबा जरा. हेडर म्हणजे कंपनीच्या मॅनिफोल्डच्या जागी बसणारे लांब, सुटे पाइप. एका सिलिंडरचा बाहेर पळणारा धूर दुसऱ्याचा ओढून नेतो, इंजिन मोकळा श्वास घेतं. हे खरंच आहे. पण चार पाइप थेट एकात जोडले तर फायदा वरच्या आरपीएमला. चारचे दोन, दोनचा एक केला तर मधल्या. घाटात आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, म्हणजे घ्यायचाच तर दुसरा. दुकानदार हे विचारतो का? तो विचारतो, "आवाज कसा पाहिजे?"

बरं, बाराशे सीसीला नुसत्या हेडरनं मिळणार थोडकीच हॉर्सपॉवर. दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्के ताकद विरळ हवाच खाते आणि कास आहे १२०० मीटरच्या आसपास. म्हणजे कमावलेलं घाटातच गेलं!

त्यात बऱ्याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला. तो निघाला की पीयूसीचे वांधे. कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. पावती येणार पप्पांच्या नावावर.

माझं ऐकाल तर आधी एअर फिल्टर, प्लग, टायरमधली हवा बघा. आणि डिकीतलं ते पेंडीचं पोतं उतरवा की राव!