कुस्ती ठरलेली, म्हणून बातमीही ठरवूनच?

अमेरिकी व्यावसायिक कुस्तीच्या बातम्या उघडल्या की रोज कुणावर तरी ‘हीट’ असते, कुणाचे तरी ‘बरियल’ झालेले असते आणि कुणी तरी ‘शूट’, म्हणजे ठरलेले सोडून खरेखुरे, बोललेला असतो. कोण म्हणतो? ‘सूत्रे’. हरकत घ्यावी तर उत्तर तयार: कुस्तीच मुळी ठरवून खेळलेली, तिच्या बातमीत सत्य कसले शोधता?

निकाल ठरलेला असतो हे खरेच. राज्याच्या नियंत्रणातून सुटण्यासाठी खुद्द कुस्तीप्रवर्तक व्हिन्स मॅकमन यांच्या कंपनीनेच 1989 साली न्यू जर्सीत तशी कबुली दिली. पण हाडे काही ठरवून मोडत नाहीत. 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत कुस्तीगीर ओवेन हार्ट छतावरून दोराने उतरताना कोसळला आणि गेला. हा खेळाचा भाग नाही, असे समालोचक जिम रॉस यांना घरी बसलेल्या प्रेक्षकांना बजावून सांगावे लागले. जिथे सोंग आणि अपघात एकाच रिंगणात घडतात, तिथे बातमीदाराने अधिक काटेकोर व्हायचे की बेफिकीर?

बरे, निदान हे शब्द तरी जाणकारीचे म्हणावेत, तर तेही नाही. हीट म्हणजे खलनायकावर प्रेक्षकांनी काढलेला राग. ती त्याची कमाई. आता ड्रेसिंग रूममध्ये कुणी नमस्कार केला नाही तरी हीट! रागावले कोण, कशावरून आणि पुढे काय झाले, हे विचारायची सोयच उरत नाही. ‘बरियल’ची, म्हणजे कुणाला हरवून त्याची पत मुद्दाम संपवण्याची, तऱ्हा याहून वाईट. 21 मे 2006 रोजी आपल्या ग्रेट खलीने अंडरटेकर या मुरलेल्या कुस्तीगीराला हरवले. आजचे पंडित असते तर त्याच रात्री अंडरटेकरचे तेरावे घालून मोकळे झाले असते. प्रत्यक्षात पुढच्या जानेवारीत अंडरटेकरने रॉयल रंबल स्पर्धा जिंकली आणि एप्रिलमध्ये तो विजेता झाला. आपण हरून नव्याला मोठे करणे हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. त्यात कट शोधणाऱ्याला कुस्ती कळलेली नाही.

हे शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. 1997 मध्ये मॉन्ट्रियलच्या लढतीत कुस्तीगीर ब्रेट हार्टला अंधारात ठेवून, ठरल्याविरुद्ध त्याचा विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला गेला. तिथे ठरलेले आणि न ठरलेले यांतला फरक सांगायला हेच शब्द लागतात. पण त्या प्रकरणाचा पुरावाही आहे: ब्रेटवर माहितीपटाचे चित्रीकरण चालू होते आणि मॅकमन यांच्याशी त्याचे झालेले बोलणे ध्वनिमुद्रित झाले होते.

या दशकातली कुस्तीची सर्वांत मोठी बातमी जून 2022 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिली: मॅकमन यांनी एका माजी कर्मचारी महिलेशी केलेला 30 लाख डॉलरचा गुप्त करार आणि संचालक मंडळाने त्याची लावलेली चौकशी. पुढच्याच महिन्यात मॅकमन यांनी निवृत्ती जाहीर केली. ही बातमी समजायला हीट किंवा बरियल यांतला एकही शब्द माहीत असावा लागत नव्हता.