ऐच्छिक विषय निवडताना

रात्रीची जेवणं आटोपत आली आहेत. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी हळूच विषय काढते, ‘‘बाबा, पुढच्या सत्रासाठी ओपन इलेक्टिव्ह निवडायचाय. उद्या रात्रीपर्यंत फॉर्म भरायचा आहे.’’

ताटावरून मान वर न करता बाबा विचारतात, ‘‘मार्क कशात जास्त मिळतात?’’

आई म्हणते, ‘‘तुझी मैत्रीण घेईल तोच घे. जाण्यायेण्याला सोबत होईल.’’

मुलीच्या मनात मानसशास्त्र असतं. पण ते मनातच राहतं.

जून आणि डिसेंबरच्या सुमारास हे दृश्य अनेक घरांत दिसतं. आईवडिलांच्या काळी एकदा शाखा ठरली की विषय बहुधा आपोआप ठरत. आता तसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या डिसेंबरमध्ये पदवीसाठी जो नवा आराखडा जाहीर केला, त्यात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या ज्ञानशाखेतले विषयही ठेवले आहेत. वाणिज्यच्या विद्यार्थ्याने मानसशास्त्र शिकावं, विज्ञानाच्या विद्यार्थिनीने संगीत किंवा अर्थशास्त्र शिकावं, हा त्यामागचा हेतू. बारावीला झालेलाच विषय पुन्हा घेऊन वेळ मारून नेता येऊ नये, अशी अटही त्यात आहे.

तरीही ‘सोपा विषय कोणता?’ हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. मार्कांची ही भीती कितपत खरी आहे, ते आकड्यांतच पाहू या.

समजा, सत्राचे एकूण २० क्रेडिट आहेत आणि ऐच्छिक विषय २ क्रेडिटचा आहे. दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत सोप्या विषयात ९ आणि आवडीच्या, पण जरा कठीण विषयात ८ श्रेणीगुण मिळाले, तर त्या सत्राच्या सरासरीत फरक पडतो अवघा ०.१. साडेआठच्या जागी आठ पूर्णांक चार! एवढ्यासाठी मुलीने मन मारावं का?

मात्र ‘आवडतो म्हणून घेतला’ एवढंही पुरेसं नाही. नापास झाल्यास ते क्रेडिट मिळत नाहीत, परीक्षा पुन्हा द्यावी लागते. म्हणून फॉर्म भरण्यापूर्वी थोडी चौकशी करायलाच हवी.

अभ्यासक्रम वाचा : विषयाच्या नावावर जाऊ नका. मानसशास्त्र म्हणजे मनातलं ओळखणं नव्हे, त्यात प्रयोग आणि संख्याशास्त्रही येऊ शकतं. कॉलेजच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम असतो. त्यातलं एखादं प्रकरण वाचून पाहिलं, तरी विषय झेपेल की नाही याचा अंदाज येतो.

तास मोजा : व्याख्यानाच्या १ क्रेडिटसाठी सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या १ क्रेडिटसाठी ३० तास द्यावे लागतात. म्हणजे २ क्रेडिटचा प्रात्यक्षिकाचा विषय व्याख्यानाच्या विषयापेक्षा दुप्पट वेळ घेतो. ज्यांना रोज लोकलने किंवा एस.टी.ने लांबचा प्रवास करावा लागतो, त्यांनी वेळापत्रक आधी पाहावं.

मूल्यमापन कसं होणार ते विचारा : लेखी परीक्षा किती मार्कांची, प्रकल्प आणि उपस्थितीला किती महत्त्व, हे आधीच्या तुकडीतले विद्यार्थी नीट सांगू शकतात. ‘सर कडक आहेत का?’ असं विचारण्याऐवजी ‘सर शिकवतात कसं?’ असं त्यांना विचारावं.

पुढचा रस्ता पाहा : काही विषय पुढच्या सत्रातल्या विषयाचा पाया असतात. आज तो सोडला, तर पुढचा घेता येत नाही.

कॉलेजमध्ये हवा तो विषय नसेल, तर ‘स्वयम’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन व्यासपीठ आहे. २०१७पासून ते सुरू आहे. मात्र तिथले क्रेडिट हवे असतील, तर आधी कॉलेजची संमती घ्यावी आणि नावनोंदणीची व परीक्षेच्या अर्जाची तारीख चुकवू नये.

आईवडिलांनी काय करावं? निर्णय देऊ नये, प्रश्न विचारावेत. ‘हाच विषय का?’, ‘त्यात काय शिकवतात?’, ‘तुला वेळ पुरेल का?’ या तीन प्रश्नांची उत्तरं मुलगी नीट देऊ शकली, तर तिने विचार केलेला आहे असं समजावं. उत्तरं देता आली नाहीत, तर तिचं तिलाच कळेल की अजून चौकशी करायला हवी. मैत्रिणीची सोबत म्हणाल, तर ती मधल्या सुट्टीतही मिळते.

खरं तर हा विषय अवघ्या २ क्रेडिटचा, ३० तासांचा. चुकला तरी आयुष्याचं नुकसान होत नाही. म्हणूनच निर्णय घ्यायला शिकण्यासाठी याहून चांगली संधी नाही. उद्या नोकरी, लग्न, घर असे मोठे निर्णय याच मुलीला घ्यायचे आहेत. विषय निवडायचं स्वातंत्र्यही ज्या घरात तिला मिळत नाही, त्या घराने तिच्याकडून पुढे खंबीरपणाची अपेक्षा कशी करावी?

तेव्हा उद्या रात्रीपर्यंत फॉर्म भरायचा असेल, तर आज ताटावरून मान वर करा आणि तिला विचारा, ‘‘बेटा, तुला काय शिकायचंय?’’