मामांचे तीन चंद्र

सांगलीला कृष्णेच्या घाटावर उभे राहिले, की शुक्ल चतुर्थीची कोर समोर, पात्रापलीकडे सांगलीवाडीवर दिसते. साताऱ्यात तीच कोर यवतेश्वराच्या डोंगराआड लवकर बुडते. माझे मामा सांगलीला, मी साताऱ्यात. मामांचे वय ७६. गेली दोन वर्षे आम्ही आपापल्या मोबाइलवर चंद्र टिपून एकमेकांना पाठवत आलो आहोत.

आरंभी त्यांच्या छायाचित्रात चंद्र म्हणजे फुगलेला पांढरा ठिपका असे. रात्र आहे म्हणून मोबाइल भरपूर प्रकाश आत घेतो. परंतु चंद्राचा जो भाग आपण पाहतो, तेथे चक्क ऊन पडलेले असते. म्हणून पडद्यावर चंद्रावर बोट दाबून धरावे आणि उजेड कमी करत न्यावा. डाग उमटू लागतात. हात थरथरत असेल, तर मोबाइल टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावावा. घरी दुर्बीण असल्यास तिच्या भिंगाशी मोबाइल धरून विवरेही टिपता येतात. त्यासाठी पौर्णिमा नव्हे, शुक्ल अष्टमी निवडावी. त्या दिवशी उजेड-अंधाराच्या सीमेवर तिरपे ऊन पडते आणि विवरांच्या सावल्या लांबतात. कोजागरीचा चंद्र दुधाच्या पातेल्यात सुंदर, छायाचित्रात मात्र सपाट!

अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला माथ्यावर असतो. उभ्याने मान मागे टाकून पाहू नये, भोवळ येऊ शकते. रात्री दहाच्या सुमारास तो पश्चिमेला बराच खाली येतो, तेव्हा खुर्चीत बसून पाहावे. गच्चीच्या जिन्यात दिवा असावा आणि सोबतीला कोणीतरी.

मागच्या कार्तिकात मामांचा फोन आला. "अगं, फोटोत एकच कोर कशी? मला तर तीन दिसतात." मी त्यांना एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. डावा डोळा झाकल्यावरही उजव्याला तीनच दिसत होत्या. नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदू सांगितला. 'वय झाले की असेच दिसायचे' असे समजून मामांनी वर्षभर कोणालाच काही सांगितले नव्हते. आणि त्या वर्षभर ते आयर्विन पुलावरून रात्री स्कूटरने घरी येत होते, समोरून येणारा प्रत्येक दिवा फुटून तिप्पट होत असताना.

घरातील ज्येष्ठांना चंद्र दाखवताना आपण एवढे अवश्य विचारावे: किती दिसतात? एक डोळा झाकूनही अनेक दिसत असतील, तर दोष बहुधा त्या उघड्या डोळ्यातच असतो: मोतीबिंदू, किंवा कधी केवळ चष्म्याचा नंबर. नेत्रतपासणी करून घ्यावी. कोणताही एक डोळा झाकताच जोडचंद्र नाहीसा होत असेल आणि हे अचानक सुरू झाले असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा असू शकतो. दिव्यांभोवती रंगीत कडी, सोबत डोळा लाल, तीव्र वेदना, मळमळ असेल, तर तो काचबिंदूचा झटका असण्याची शक्यता असते. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

मामांची शस्त्रक्रिया माघात झाली. त्यानंतरच्या पहिल्या चतुर्थीला त्यांनी कोर पाठवली, खाली तक्रार होती: "आता एकच आहे, पण निळसर का?" इतकी वर्षे पिवळटलेल्या नैसर्गिक भिंगातून ते चंद्र पाहत होते, असे मी कळवले. त्यांचे उत्तर आले, "मग तुझा मोबाइलच पिवळा असेल."