किल्ली घ्या, पण सही जपून

वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला होता. सांगलीहून येणाऱ्या पंधरा जणांची तिकिटे निघाली होती. गुरुजींना आगाऊ रक्कम देऊन झाली होती. आणि चार दिवस आधी धाकट्या दिरांचा फोन आला, "वहिनी, बिल्डरच्या ऑफिसात बसलोय. किल्ली समोर टेबलावर आहे. पण नऊ पानांवर सह्या मागतायत. करून टाकू का?"

मी म्हटले, "आधी सगळी पाने फोनवर पाठवा. सही नंतर."

सातव्या पानावर ते वाक्य होतेच. सदनिका मी नीट तपासली असून काम समाधानकारक आहे, ताबा मिळायला झालेल्या उशिराबद्दल किंवा इतर कोणत्याही कारणाने माझी बिल्डरकडे काहीही मागणी उरलेली नाही, अशा अर्थाचे. प्रत्यक्षात घर चौदा महिने उशिरा मिळत होते, बाथरूमचा उतार दाराकडे होता आणि बाल्कनीच्या भिंतीला ओल आलेली होती.

मैत्रिणींनो, गेली वीस वर्षे बंगळुरूत राहताना आणि आमच्या अपार्टमेंटच्या असोसिएशनचे काम करताना मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. घर घेताना आपण महिनोन्‌महिने चौकशा करतो. पण किल्ली दिसली की हात आपोआप पेनाकडे जातो. म्हणून यावेळी त्या शेवटच्या सह्यांबद्दल लिहिते आहे.

बेगूरच्या सदनिकाधारकांनी काय मिळवले

हा प्रश्न आपल्याच शहरातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बेगूर भागात डीएलएफ सदर्न होम्सचा एक मोठा गृहप्रकल्प होता. करारात 36 महिन्यांत ताबा देण्याचे वचन होते. ते पाळले गेले नाही. उशीर झाल्यास दर चौरस फुटामागे महिन्याला 5 रुपये, एवढीच भरपाई करारात लिहिलेली होती. तीनशेहून अधिक ग्राहक एकत्र आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार फेटाळली, तरी ते थांबले नाहीत.

24 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. करारातली 5 रुपयांची भरपाई तर द्यायचीच, पण त्याशिवाय भरलेल्या रकमेवर उशिराच्या काळासाठी वर्षाला 6 टक्के व्याजही द्यायचे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, खरेदीखत हवे असेल तर भरपाईचा हक्क सोडा, अशी अट ग्राहकापुढे ठेवणे न्यायालयाला गैरवाजवी वाटले. ताबा घेतला किंवा खरेदीखत करून घेतले, एवढ्यावरून हक्क संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांनी बिल्डरशी वेगळा तडजोडीचा करार करून सही केली होती, त्यांना या भरपाईतून वगळले गेले. प्रकल्प तोच आणि उशीरही झालेला, फरक फक्त त्या एका कागदाचा. म्हणून "सगळेच सही करतात हो" असे कुणी म्हणाले तर हे आठवा.

घाई कुणाला आहे?

"आज सही केली नाही तर किल्ली मिळणार नाही" हे वाक्य ऐकले की आपण घाबरतो. रेरा कायद्यानुसार भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो. दोन महिने म्हणजे आठ-नऊ आठवडे. पाने घरी नेऊन वाचायला, एखाद्या वकिलाला दाखवायला एवढा वेळ पुरतो. कागद कन्नडमध्ये असेल तर शेजारच्यांकडून वाचून घ्या. जे वाचता येत नाही, त्यावर सही नको.

आणि ओसीच नसेल तर? मग तो ताबा कागदावर अर्धाच आहे. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना 1997 पासून ताबा मिळाला होता, पण ओसी मिळाले नव्हते. त्यामुळे वर्षानुवर्षे मालमत्ता कर 25 टक्के आणि पाणीपट्टी 50 टक्के जास्त भरावी लागली. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी मानली. डिसेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या असे प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात. त्यानंतर बंगळुरूत ओसी नसलेल्या अनेक नव्या इमारतींची विजेची जोडणी अडकली. "ओसी येईल हो महिन्याभरात" यावर विसंबून सामान हलवू नका.

सही करायची तर कशी?

कागद वाचल्यावर जे वाक्य खोटे आहे ते खोडायला सांगा आणि खोडलेल्या जागी दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. त्यांनी खोडायला नकार दिला, तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा: "सोबतच्या यादीतील अपुरी कामे आणि उशिराच्या भरपाईचा माझा हक्क राखून सही करत आहे." त्याच दिवशी हाच मजकूर ईमेलने पाठवा. तोंडी बोलणे हवेत विरते. ईमेलवर तारीख राहते.

यादी करताना एक संपूर्ण दिवस द्या. प्रत्येक नळ सोडून पाहा, प्रत्येक बटण दाबा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते कुठे वाहते ते बघा. फरशीवर नाणे वाजवा, पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट कमी भरले आहे. खोल्या मोजा आणि करारातल्या कार्पेट एरियाशी ताडून घ्या. प्रत्येक दोषाचा फोटो काढा, त्याला क्रमांक द्या आणि यादीवर बिल्डरच्या माणसाची पोच घ्या.

ताब्याच्या पत्रावरची तारीखही नीट पाहा. बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सोयींमध्ये दोष निघाला तर रेरानुसार ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत तो दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तेही कळवल्यापासून 30 दिवसांत आणि फुकट. ही पाच वर्षे त्या तारखेपासून मोजली जातात. किल्ली मार्चमध्ये मिळाली आणि पत्रावर आदल्या वर्षाचा जुलै असेल, तर आठ महिने आत्ताच गेले.

बंगळुरूतली निराळी कागदपत्रे

महाराष्ट्रातून आलेल्या आपल्यासारख्यांचा इथे शब्दांनीच गोंधळ उडतो. आपला सातबारा तो इथला आरटीसी, ज्याला पहाणी म्हणतात. जमिनीवर किंवा घरावर कोणते नोंदणीकृत व्यवहार आणि बोजे आहेत ते ईसीमध्ये दिसते. व्यवहार असतील तर फॉर्म 15 मिळतो, काहीच नसतील तर फॉर्म 16. कावेरी पोर्टलवरून ते काढता येते.

"खाता" म्हणजे महापालिकेच्या दप्तरातली कराची नोंद. खाता म्हणजे मालकी नव्हे. बी खाता तर नियमात न बसणाऱ्या मिळकतींकडून कर गोळा करण्यासाठी होता. तो दाखवून "सगळे क्लिअर आहे" म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा. 2024 च्या अखेरीपासून शहरात खरेदीखत नोंदवायला ई-खाता लागतो. आता ग्रेटर बंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महापालिका आल्या आहेत, त्यामुळे जुन्या कागदांवर बीबीएमपीचे नाव दिसले तर गोंधळू नका. आपले घर आता कोणत्या महापालिकेत येते ते मात्र पाहून ठेवा.

कागद जमिनीशीही ताडून पाहायचा असतो. ऑगस्ट 2016 मध्ये राजकालुवे, म्हणजे पावसाच्या पाण्याचे मोठे नाले, मोकळे करताना महापालिकेने अवनी शृंगेरी नगरमधली घरे पाडली. तिथल्या अनेकांकडे नोंदणीकृत खरेदीखत होते, खाता होता, कराच्या पावत्या होत्या, बँकेचे कर्जही होते. त्यामुळे जुना गावनकाशा आणि मंजूर आराखडा शेजारी ठेवून, घराजवळून नाला किंवा तलावाची हद्द जाते का, हे वकिलाकडून आणि सर्व्हेअरकडून तपासून घ्या. थोडे पैसे जातील, ते जाऊ द्यात.

स्वतः बांधत असाल तर

साइट घेऊन घर बांधणाऱ्यांचा व्यवहार बहुधा चौरस फुटाच्या दरावर ठरतो. त्या दरात काय धरले आहे ते लिहून घ्या: कोणत्या कंपनीचे सिमेंट आणि सळई, फरशी किती रुपये फुटाची, पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत धरली आहे की नाही. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर. मधेच "इथे एक खिडकी वाढवू" म्हणालात तर तिची किंमत त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करा. बहुतेक भांडणे अशा वाढीव खिडक्यांवरूनच होतात. आणि प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना वायर आणि पाइप कुठे आहेत ते तोच फोटो सांगेल.

आमच्या दिरांचे काय झाले?

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. किल्ली टेबलावरच राहिली आणि जाऊबाई घरी येऊन रडल्या. सासूबाईंनी तिला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "अगं, तुझे सासरे बँकेत सही करायच्या आधी चष्मा दोनदा पुसायचे. मुहूर्त काय, पुढचाही निघेल."

सांगलीची मंडळी ठरल्याप्रमाणे आली. वास्तुशांतीऐवजी आमच्याच घरी पुरणपोळीचे जेवण झाले. तिकडे दिरांनी ईमेल केला, करारातली कलमे दाखवली, दोषांची यादी जोडली. नऊ दिवसांनी सातवे पान बदलून आले, यादीवर पोच मिळाली आणि मग त्यांनी ताबा घेतला. बाथरूमची फरशी उखडून पुन्हा बसवली गेली. उशिराच्या भरपाईचे बोलणे अजून चालू आहे, पण ते चालू राहू शकते, कारण त्यांनी हक्क सोडलेला नाही.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या मुहूर्तावर वास्तुशांती झाली. पाहुणे निम्मेच होते. जाऊबाईंनी देवघराखालच्या कप्प्यात एक निळी फाइल ठेवली आहे. त्यात साठेखत, खरेदीखत, ओसी, ई-खाता, पैशांच्या पावत्या, ताब्याचे पत्र आणि ती यादी आहे. तुमच्या घरातही अशी एक फाइल असू द्या, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.