सातबाऱ्याबाहेरचा शेतकरी

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पाणी ओसरून पंचनाम्यांचे दिवस सुरू झाले, तेव्हा आमच्या भागातील एका शिवारात प्रस्तुत लेखक उभा होता. सोयाबीन काळे पडले होते, शेंगांतून कोंब बाहेर आले होते. पाच एकरांचा तो तुकडा एक कुटुंब सहा वर्षे ठोक्याने करीत आले आहे. ठोक्याची रक्कम पेरणीपूर्वीच रोख मोजून दिलेली. बियाणे आणि खत दुकानदाराच्या उधारीवर. पंचनाम्याच्या कागदावर नाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा एकच विचारणा झाली : “खातेदार कोण?” खातेदार पुण्यास असतो. भरपाई त्याच्या खात्यात जमा झाली. तो भला गृहस्थ म्हणून निम्मी रक्कम त्याने पाठवून दिली. ज्याचे पीक गेले त्याने आपल्याच नुकसानीच्या भरपाईसाठी दुसऱ्याच्या भलेपणाकडे डोळे लावून बसावे, यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. खुद्द त्या ठोकेदारालाही नाही.

आपल्या ठरावांतून, मोर्चांतून ‘शेतकरी’ हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्या सहजतेचाच हा दोष आहे. शासनाच्या लेखी शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला इसम. आणि स्पष्ट बोलावयाचे तर आपल्याही लेखी तोच. 2019 पासूनचा पंतप्रधान किसान सन्मान निधी जमीनधारकाला. 2017 ची व 2019 ची कर्जमाफी बँकेच्या कर्जदाराला, म्हणजे पुन्हा प्रामुख्याने जमीनधारकाला. आता ॲग्रिस्टॅकखाली शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळतो, तोही जमिनीच्या अभिलेखाला जोडलेला. पीकविम्यात बटईदाराला मज्जाव नाही असे सांगतात. खरे आहे, त्याने फक्त नोंदलेला भाडेकरार आणावयाचा असतो! ज्या मुलखात बटईचा व्यवहार पारावर, तोंडी, दोन माणसांच्या साक्षीने होतो, तेथे ही अट घालणे म्हणजे दार उघडे ठेवून पायरी काढून घेणे होय.

हमीभावाचे पाहा. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि मोंढ्यातील भाव त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट 12 टक्क्यांची; ओरड झाल्यावर ती 15 करण्यात आली. त्या ओलाव्यावर आपण आंदोलने केली आणि ती रास्तच होती. परंतु केंद्रावर माल घालण्यासाठी पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो. 2021 पासून ई-पीक पाहणीत ही नोंद मोबाइलवरून होते आणि ती खातेदाराच्या नावे होते. म्हणून बटईदाराचा माल कोरडा असो वा ओला, तो आडत्याकडेच जातो. कित्येकदा तोच माल पुढे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रात पोचतो, हे बाजार समितीच्या आवारात वावरणाऱ्या कोणत्याही हमालाला विचारावे. हमीभावाला कायद्याचे बळ मिळावे म्हणून 2020-21 मध्ये दिल्लीच्या वेशीवर वर्षभर शेतकरी बसले. उद्या तो कायदा झालाच, तरी या माणसाच्या पदरात तो काय टाकणार?

सर्वांत क्रूर प्रकार मरणानंतरचा. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणांची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी वर्गवारी होते. पात्रतेसाठी कुटुंबाच्या नावे जमीन असावी आणि कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, अशी अपेक्षा असते. ज्याला जमीन नाही त्याला बँक दारात उभे करीत नाही. तो खाजगी देणेकऱ्याकडे जातो आणि त्याच कारणाने मेल्यावर अपात्र ठरतो. त्याच्या विधवेला एक लाखाचे साहाय्यही नाकारले जाते.

हे असे का झाले, याचे उत्तर अर्धशतकाहून जुने आहे. मुंबई राज्यात 1948 चा कूळ कायदा आला, हैदराबाद संस्थानातून आलेल्या मराठवाड्यात 1950 चा, विदर्भात 1958 चा. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि अनेक कुळे मालक झाली, हे या चळवळीचे मोठे यश. ते कोणी नाकारू नये. परंतु त्याआधीच किती कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनी सोडल्या, याची तपासणी वि. म. दांडेकर व खुदनपूर यांनी 1957 साली प्रसिद्ध केली होती, तीही विसरू नये. कायद्याने कुळाला हक्क दिला आणि मालकाने कूळ हा शब्दच हद्दपार केला. ‘कूळ लागेल’ ही धास्ती आजही इतकी खोल आहे की अकरा महिन्यांचा साधा कागदसुद्धा कोणी करून देत नाही.

येथे एक गोष्ट आपल्या काही साथींना रुचणार नाही, तरी लिहितो. आजचा जमीन देणारा हा सरसकट जमीनदार नव्हे. राज्यातील सरासरी खातेजमीन 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 च्या गणनेत 1.34 हेक्टरवर आली. दोन एकर ठोक्याने देणारा बहुधा शहरात पहारेकऱ्याचे काम करतो; किंवा ती एखादी विधवा असते, जिला बैल अगर ट्रॅक्टरचे भाडे झेपत नाही. आणि घेणारा कधी भूमिहीन दलित असतो, तर कधी गावातला ट्रॅक्टरवाला धनदांडगाही असतो. 1957 ची घोषणा या परिस्थितीवर जशीच्या तशी चिकटवता येत नाही. मालकी हिरावली जाण्याची भीती लहान खातेदाराला घातली, तर तो बटईदाराला काढून शेत पडीक ठेवील.

याचा अर्थ निती आयोगाच्या 2016 च्या नमुना कायद्याला मान डोलवावी असा नाही. भाडेपट्टा सर्वांना मोकळा केला की कंपनीही भाडेकरूच ठरते. पण मालकीच्या प्रश्नाला हात न लावता कसणाऱ्याची हंगामापुरती स्वतंत्र नोंद करणे शक्य आहे. आंध्र प्रदेशाने 2011 साली तसा कायदा केला. 2019 मध्ये तो बदलून कसणाऱ्याच्या ओळखपत्राला मालकाची संमती आवश्यक केली, आणि तेथेच त्याचा जीव अडकला. केरळात कुटुंबश्रीच्या स्त्रियांचे गट भाड्याच्या जमिनी कसतात आणि गटाच्या जामिनावर बँकेचे कर्ज उचलतात. आपल्याकडे मालकाच्या सहीऐवजी ग्रामसभेचा दाखला ग्राह्य धरावा. त्या दाखल्यावर विमा, हमीभावाची खरेदी, पीककर्ज आणि नुकसानभरपाई मिळावी. आणि या नोंदीने कुळाचा हक्क निर्माण होणार नाही हे कायद्यात स्पष्ट लिहावे. शेवटची अट मला स्वतःला गोड वाटत नाही. परंतु तिच्याविना ग्रामसभेत एकही हात वर होणार नाही, हे गावात राहणारा जाणतो.

मागणीपूर्वी आपल्या हाताशी माहिती हवी. गावातील कोण किती एकर कोणाचे, कोणत्या बोलीवर करतो, याची यादी ना तहसिलात आहे ना आपल्या कार्यालयात. ही यादी पुढच्या पेरणीपूर्वी प्रत्येक शाखेने निदान आपल्या गावापुरती करावी. त्यात बायकांची नावे वेगळी लिहावीत. कारण बटईच्या शेतात खुरपणीपासून राशीपर्यंत त्या राबतात आणि बोली मात्र नवऱ्याच्या नावे होते. शेतकरी सभेच्या सभासद नोंदणीत ‘एकूण जमीन’ असा रकाना असतो. त्याच्याशेजारी ‘कसत असलेली जमीन’ असा दुसरा रकाना छापून घ्यावा. आमच्या शाखेने तो यंदा हाताने आखला आहे.