उबदार घर आणि फोटोत नसलेली बाई



घर नीटनेटकं, उबदार करणं आणि घरच्या माणसांचे फोटो काढण्याचा छंद, असा या अंकाचा विषय आहे. विषय ठरला तेव्हा आमच्या बैठकीतच दोन तट पडले. ‘उंबरठा ओलांडा म्हणून इतकी वर्षं सांगत आलो, आता पडद्यांचे रंग सांगायचे का?’ असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, ‘उंबरठ्याच्या आत मी रोज कितीतरी तास असते. तिथल्या आनंदाबद्दल बोलायचंच नाही का?’ दोघींचंही म्हणणं खरं आहे, म्हणूनच हा विषय घेतला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. घर सजवण्याच्या हौशीला आम्ही कमी लेखत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी, सारवलेल्या अंगणात रांगोळी काढणारी, दहा बाय दहाच्या खोलीत फळीवरची भांडी ओळीनं मांडणारी बाई कलावंतच असते. हातात पैसा नसताना, जागा नसताना, दिवसभराच्या कामातून वेळ चोरून तिनं ही कला जपली. तिच्या हाताला जे सुचलं त्याचीच नक्कल करून आज दुकानं ‘घरपण’ विकतात. जाहिरातीतलं घर पाहून आपलं घर कुरूप वाटू लागणं हा त्या धंद्याचा भाग आहे. गोधडीची ऊब विकत घ्यावी लागत नाही, हे आपल्याला आपल्या आज्यांनी दाखवून दिलं आहे.

पण ही ऊब तयार करायला वेळ लागतो, आणि तो कोणाचा जातो ते पाहायला हवं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ मध्ये देशभर वेळ-वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास घालवतात असं आढळलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं होती, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच होते. बाया शंभरात एक्याऐंशी. या पाच तासांना मोबदला नाही. त्यांना काम म्हणण्याऐवजी माया म्हणतात, आणि मायेचा हिशोब कोणी मागत नाही. सणाच्या आदल्या रात्री बारा वाजता डबे घासणारी बाई ‘हौशी’ ठरते. हौस असेल तर ती थांबवताही आली पाहिजे. जे थांबवता येत नाही त्याला काम म्हणावं, आणि ते घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावं.

ज्यांच्या घरी मदतनीस येते त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या घराच्या लखलखाटात दुसऱ्या बाईचे हात आहेत, आणि तिच्या स्वतःच्या घरात दिवा लावायला तिला रात्र होते. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. त्या मंडळात तिची नोंद झाली आहे का, तिला आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळते का, हे विचारणं हीसुद्धा घर उबदार करण्याचीच बाब आहे.

आता आपापल्या घरात एक फेरी मारून पाहा. घरातल्या पुरुषाची बसायची खुर्ची ठरलेली असते, पाहुण्यांसाठी दिवाण असतो, मुलांसाठी अभ्यासाचं टेबल असतं. बाईची ठरलेली जागा कोणती? बहुतेक घरांत उत्तर येतं, ओट्यापाशी, आणि तीही उभं राहण्याची. स्वयंपाकघर ही घरातली सगळ्यात उकाड्याची आणि बहुधा सगळ्यात अंधारी खोली असते. पंखा तिथं शेवटी येतो. म्हणून घर सजवायला काढलंत तर सुरुवात दिवाणखान्यापासून करू नका. ओट्याची उंची तुमच्या कमरेला सोसते का ते पाहा. भाजी निवडायला बसता येईल असा स्टूल ठेवा. खिडकीपाशी एक कोपरा, एक दिवा, वही-पुस्तक ठेवायला एक फळी एवढं तरी स्वतःसाठी मागून घ्या. खोली एकच असेल तर दिवसातला अर्धा तास मागून घ्या, ज्यात कोणी ‘आई गं’ म्हणून हाक मारायची नाही.

आणि इतक्या मायेनं सजवलेलं घर असतं कोणाचं? आमच्या सल्ला केंद्रावर येणाऱ्या बायांना हा प्रश्न फार उशिरा पडतो, बहुधा हाताला धरून बाहेर काढल्यानंतर. पडदे तिनं शिवलेले असतात, तुळस तिनं लावलेली असते, आणि कागदावर तिचं नाव नसतं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सामायिक घर ठरू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला. हा मोठाच आधार आहे, पण तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. माहेरच्या वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये अविवाहित मुलींना जन्मतः हिस्सा दिला, आणि २००५ मध्ये तो देशभरातल्या सगळ्या हिंदू मुलींना मिळाला. तरी भावाशी वाईटपणा नको म्हणून हक्कसोड पत्रावर सह्या होतच असतात. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर तुमचं नाव लागलं आहे का, ते पाहून या. या दिवाळीला भिंतींना रंग देण्याआधी उताऱ्यावर नाव चढवून घ्या, असं आम्ही आग्रहानं सांगू.

घर कोणाचं हे कागद सांगतो. त्या घरात कोण कसं जगलं हे भिंतीवरचे फोटो आणि कपाटातले अल्बम सांगतात. निदान सांगतात असं आपण समजतो. आपल्या आयांच्या पिढीत अनेकींचा पहिला एकटीचा फोटो काढला गेला तो स्थळं पाहायला सुरुवात झाली तेव्हा. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, उसनी साडी, हात कुठे ठेवायचा ते फोटोग्राफर सांगणार. तो फोटो तिच्यासाठी नव्हताच, लोकांच्या घरी फिरवण्यासाठी होता. त्यानंतर ती दिसते लग्नात मान खाली घालून, मग बारशाला बाळ मांडीवर घेऊन, आणि मग एकदम मुलीच्या लग्नात. मधली वीस-पंचवीस वर्षं अल्बममध्ये कोरी असतात, कारण त्या वर्षांत ती काम करत होती. शेतात निंदताना, पाणी भरताना, लोकलमध्ये दाराशी उभं राहून कामावर जाताना, पापड लाटताना तिचा फोटो काढावा असं कोणाला वाटलं नाही. विधवेला तर शुभकार्याच्या फोटोत कडेलासुद्धा उभं करत नसत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तसा ठराव आपल्या घरच्या अल्बमपुरता तरी प्रत्येकीला करता येईल. पुढच्या कार्यात तिला मधोमध उभी करा.

जो स्पेन्स ही इंग्लंडमधली फोटोग्राफर आधी लोकांच्या घरगुती समारंभांचे आणि व्यक्तिचित्रांचे फोटो काढून पोट भरत असे. तेच काम करताना तिच्या ध्यानात आलं की कौटुंबिक अल्बममध्ये सण असतात आणि सहली असतात, पण आजारपण, भांडण, थकवा आणि काम नसतं. १९७९ साली तिनं स्वतःच्याच आयुष्याचा वेगळा अल्बम लोकांपुढे मांडला. पुढे स्तनांचा कर्करोग झाला तेव्हा त्या आजाराचेही फोटो तिनं काढले. आपल्याकडे शीबा छाछी यांनी हुंडाविरोधी चळवळीतल्या मोर्चांचे फोटो काढले, आणि मग त्यातल्याच कार्यकर्त्यांना विचारलं, ‘तुम्हाला स्वतःचा फोटो कसा हवा आहे?’ जागा, वस्तू, बसण्याची ढब त्या बायांनी ठरवली. तो प्रश्न आपल्या आईला, सासूला, मुलीला विचारून पाहण्यासारखा आहे.

कॅमेरा कोणाच्या हातात असतो यावरही पुष्कळ अवलंबून असतं. पूर्वी घरात आगफा क्लिक असे. त्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून तो ‘वाया जाऊ नये’ असा पुरुषाच्या ताब्यात राही. तरीही बायांनी कॅमेरा हातात घेतलाच. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ मध्ये नवसारीला झाला, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये. त्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशा यांच्या नावानं छापले जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मनोबीना आणि देबलीना या १९१९ साली जन्मलेल्या जुळ्या बहिणींना वडिलांनी बाराव्या वर्षी कॅमेरे आणून दिले. मनोबीना लग्नानंतर दिग्दर्शक बिमल रॉय यांच्याबरोबर मुंबईत राहिल्या. संसार सांभाळून त्या आयुष्यभर फोटो काढत राहिल्या, आणि त्यात घरची माणसंही होती. लाहोरला जन्मलेल्या नोनी सिंग यांनी तर कधी व्यवसाय म्हणून फोटो काढलेच नाहीत. बहिणी, मैत्रिणी, चार मुली हेच त्यांचे विषय. त्या फोटोंचं पुस्तक २०१३ मध्ये निघालं. त्यांची मुलगी दयानिता सिंग आज जगभर नावाजलेली फोटोग्राफर आहे. छंद म्हणून हाती घेतलेला कॅमेरा मुलीच्या हातात कुठवर जाईल, हे आधी सांगता येत नाही.

आता मोबाइलमुळे रोल वाया जाण्याची भीती राहिली नाही. पण मोबाइल तरी तिचा कुठे आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या बाया शंभरात चौपन्न निघाल्या. बाकीच्यांना नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन मागावा लागतो. फोन असला तरी त्यात कोण डोकावतं हा प्रश्न उरतोच. आपला फोटो आपल्याला न विचारता कोणी पुढे पाठवू नये, आपणही मुलांचे किंवा कामवालीचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नयेत. खाजगी फोटोची भीती घालून कोणी गप्प बसवत असेल तर तो गुन्हा आहे. एकटीनं सोसत बसू नका. संस्थेत या, पोलिसांत तक्रार करू.

छंद लागावा म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो. सकाळी दारातून किंवा खिडकीतून येणाऱ्या उजेडात माणसाला बसवा, फ्लॅशची गरज पडणार नाही. मुलांचा फोटो काढताना आपणच खाली बसा. ‘इकडे बघ, हस’ म्हणण्याऐवजी माणूस आपल्या कामात रमलेला असताना फोटो घ्या. आजीचे हात, आईचं शिलाई मशीन, बाबा भांडी घासत असतील तर तेही. दर चार फोटोंनंतर फोन दुसऱ्याच्या हाती द्या आणि स्वतः फोटोत जा. महिन्यातून दोन-तीन फोटो छापून घ्या आणि मागे शिसपेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. बायांची नावं लिहाच. ‘काकू’ किंवा ‘रमेशची आई’ एवढ्यावर सोडू नका, नाहीतर दोन पिढ्यांनी तिला कोणी ओळखणार नाही. कोकणासारख्या दमट हवेत अल्बम भिंतीला लागून ठेवू नका, बुरशी धरते. चिकट पानांच्या अल्बमपेक्षा कोपऱ्यात अडकवायचे साधे अल्बम बरे.

याच फोटोंचा एक कोरडा उपयोगही आहे, तो विसरू नका. ‘हिच्याशी माझं लग्नच झालं नाही’ असं म्हणणारे नवरे पोटगीच्या दाव्यात भेटतात. तेव्हा पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो उपयोगी पडतो. लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी करून ठेवावी, असं हुंडाबंदी कायद्याखालचे १९८५ चे नियम सांगतात. त्या यादीबरोबर दागिन्यांचे, भांड्यांचे फोटो काढून एक प्रत माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. मोबाइलमधला फोटो कोर्टात द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ फोटो खोडू नका, आणि तो ज्या फोनवर काढला तो फोन विकण्याआधी विचार करा.

घर उबदार हवं, फोटो सुंदर हवेत, यात गैर काहीच नाही. ती ऊब राबणारीलाही मिळावी आणि त्या फोटोत तीही दिसावी, एवढंच आमचं मागणं आहे. पुढच्या अंकासाठी प्रत्येकीनं एक फोटो पाठवावा: तुमच्या घरातल्या एका बाईचा, तिच्या रोजच्या कामातला, तिला विचारून काढलेला. मागे तिचं पूर्ण नाव आणि ती काय करते आहे ते लिहा. नाव छापायचं की नाही, ते तीच ठरवेल. आणि पाकिटात चार ओळी आणखी घाला, तो फोटो पाहून ती काय म्हणाली त्याच्या.

आपल्या,
संपादक मंडळातल्या मैत्रिणी